अध्यक्ष जावईच असावा

सासुरवाडीत राहायला येऊन मला पंचवीसेक वर्षं झाली, तरी सेनगावच्या जीपमध्ये कुणी ना कुणी सरकून जागा देतं आणि म्हणतं, "बसा पाव्हणे." पाव्हणे! माझे केस पांढरे झाले, सासऱ्यांना मी खांदा दिला, त्यांच्या रानातली विहीर मी दोनदा खोल केली, आणि मी अजून पाव्हणाच. लग्नानंतर हिंगोलीच्या बाजारात एक ट्रकवाला भेटला होता. मी कुठं राहतो हे ऐकून हसत हसत म्हणाला, "दूर जमाई फूल बराबर, गाँव जमाई आधा, घर जमाई गधा बराबर, जब चाहा तब लादा." तेव्हा त्याचा राग आला होता. आता वाटतं, माणूस शहाणा होता, फक्त लग्नाआधी भेटायला हवा होता.

माझी बायको आईबापाला एकुलती एक. जमीन होती, बघणारं कुणी नव्हतं. आमच्याकडं शिरड शहापूरला आम्ही दोघं भाऊ आणि रान थोडं. मायेनं मन घट्ट केलं आणि धाकट्याला, म्हणजे मला, इकडं धाडलं. थोरला तिच्याजवळ राहणार होता. तो नोकरीच्या मागं पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. असं पुष्कळ घरांत होतं, त्यात नवल काही नाही.

नवल आहे ते आमच्या या गावाचं. गावात सगळ्यांचं आडनाव एक आणि भांडणही एकच. वरची आळी आणि खालची आळी. कधीकाळी एका बांधावरून जे पेटलं ते अजून धुमसतंय. वरच्यांनी नारळ फोडला तर खालचे खोबरं तोंडात घालत नाहीत. म्हणून गावानं एक रीत पाडून घेतली. जिथं दोन्ही आळ्यांचा हात लागायचा असेल तिथं जावयाला पुढं करायचं. सप्त्याचा नारळ जावई फोडणार, पाण्याच्या पाळीचा तंटा जावई मिटवणार. कारण जावयाला या गावात भावकी नसते. तो दोन्हीकडचा, म्हणजे कुणाचाच नाही.

लेकरांच्या वसतिगृहाच्या ट्रस्टचं तेच झालं. गावाला लागून तांडा आहे. दिवाळी झाली की तांड्यातली जाणती माणसं ऊस तोडायला निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी चढतात, शेळ्या-कोंबड्या चढतात, आणि त्यांच्याबरोबर लेकरंही चढायची. शाळा सुटायची ती सुटायचीच. त्यातली काही लेकरं आम्ही इथं ठेवून घेऊ लागलो. जुन्या गोदामात झोपायचं आणि खळ्यावर ज्याच्या त्याच्या राशीतून सूपभर ज्वारी, सूपभर तूर यायची, त्यावर जेवायचं. पुढं लेकरं वाढली आणि राशी कमी झाल्या. सगळ्यांच्या रानात सोयाबीन आलं, आणि सोयाबीनची काही भाकरी होत नाही.

मग मास्तरांनी कायदा शोधून काढला. मास्तर म्हणजे खालच्या आळीचे पुढारी, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं की राज्याच्या कायद्याखाली ट्रस्टची नोंद असेल आणि पुढचे कागद पक्के असतील, तर शहरातला माणूस हात सैल सोडतो, कारण देणगीवर त्याला करात सूट मिळते. लोकांनी चांगल्या कामाला द्यावं म्हणून सरकारनंच ही वाट काढलेली आहे. मला हे तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. देणाऱ्याला थोडी लालूच दाखवली तर काय बिघडलं? लेकराच्या पोटात भाकर जाते ना!

नोंद करायची तर अध्यक्ष हवा. वरच्या आळीचे एक म्हातारे आहेत, त्यांच्या शब्दाबाहेर ती आळी जात नाही. ते म्हणाले, "खालचा नको." मास्तर म्हणाले, "वरचा तर न्हाईच न्हाई." मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. "जावईबापू, तात्पुरतं व्हा." तात्पुरतं हा शब्द कानावर पडला की माणसानं चप्पल घालून निघावं. मी बसून राहिलो.

एवढ्यावर भागलं नाही. उद्या समोरच्यानं दगा देऊन आपला माणूस बसवू नये म्हणून दोघांनी हट्टानं ट्रस्टच्या नियमावलीतच घालून घेतलं, की अध्यक्ष गावचा जावई असावा आणि गावात राहणारा असावा. वकील हसायला लागले. "अहो, असं कुणी लिहितं का?" मास्तर म्हणाले, "आमी लिहून राहिलो ना. लिवा बराबर." गावात राहणारा जावई एकच होता. मलाही त्या वेळी हसू आलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा मानही वाटला.

बरीच वर्षं ते जोखड टोचलं नाही. देणग्या येत गेल्या, गोदामाला फरशी झाली, पोरींसाठी वेगळी खोली झाली. सही करा म्हटलं की मी सही करायचो. टोचायला लागलं ते मायेचे डोळे गेल्यावर.

गेले म्हणजे अगदी अंधार नाही. माणूस दारात उभा राहिला की आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. शेजारीण दोन भाकरी टाकून जाते. घर रस्त्याला लागून आहे. संध्याकाळी औंढ्याकडून शेवटची एस्टी जाते, आणि ती जाईपर्यंत माय दाराला कडी लावत नाही, नुसतं दार लोटून ठेवते. मी कधीतरी न सांगता त्या गाडीतून उतरतो, म्हणून. मी म्हटलं, "चल माझ्याकडं." तर म्हणाली, "ल्योकाच्या सासरी बसून रोज खाऊ व्हय? लोक काय म्हणतील?" एका बाजूनं ती हलत नाही, दुसऱ्या बाजूनं मला हलता येत नाही.

बायकोनं तर कधीच सांगून टाकलं, "माझे आईबाप गेले. रान बटईनं देऊ, तुमच्या मायेजवळ जाऊन राहू." एवढं मोठं मन तिनं केलं, आणि मी गावापुढं राजीनामा घेऊन गेलो, तर गावानं तो हसून माझ्या खिशात परत घातला. नुसता राजीनामा देऊन भागत नाही. नव्या अध्यक्षाची नोंद करायला बदल अर्ज करावा लागतो. नवा अध्यक्ष आणायचा तर जावयाचा नियम बदलावा लागतो. नियम बदलायचा तर दोन्ही आळ्यांचं एकमत लागतं. वरचे तयार झाले की खालचे हरकत घेतात, खालचे तयार झाले की वरचे. धर्मादाय कार्यालयातला कारकून बिचारा चांगला माणूस. मला म्हणाला, "काका, कायद्यानं तुम्हाला कुठं धरलंय? तुमच्या गावानं धरलंय." खरं होतं त्याचं.

मग उठून गेलो तर कुणी पायात बेड्या घालणार होतं का? नाही. पण बँकेत सही माझी. करसुटीचे कागद नवे करायचे तर ओटीपी माझ्या फोनवर. मी नसलो की कागद अडणार, कागद अडले की देणगी थांबणार, आणि दिवाळीनंतर लेकरं पुन्हा ट्रकवर चढणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. रात्रंदिवस माझी चिडचिड व्हायची. ती निघायची बायकोवर, बैलावर, कधी त्या लेकरांवर.

एकदा बैठकीत मी सुचवलं, की तांड्यातली जी बाई या लेकरांचा स्वयंपाक करते, पालकांशी बोलते, आजारी लेकराला घेऊन वारंगा फाट्यापलीकडच्या दवाखान्यापर्यंत जाते, तिलाच अध्यक्ष करा. ती कोणत्याच आळीची नाही. त्या दिवशी दोन्ही आळ्या एक झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. म्हातारे म्हणाले, "न्हाई." मास्तर म्हणाले, "न्हाई." दोघांनी कारण सांगितलं नाही, आणि सांगायची गरज कुणालाच वाटली नाही. त्या बाईनं चहाचे कप गोळा केले आणि ती निघून गेली.

दुसरा उपाय म्हणजे गावात आणखी एक घरजावई आणायचा. खालच्या आळीत एक एकुलती पोरगी होती. मी उत्साहानं कळमनुरीकडचं एक स्थळ आणलं. पोहे झाले. मुलाचा बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमी पण घरजावई ना? कसं वाटतं मंग?" मी त्याला विहिरीला पाणी किती लागलं ते सांगत बसलो. स्थळ मोडलं.

यंदा दिवाळीनंतर वसतिगृह सुरू व्हायच्या दिवशी गोदामात ट्रस्टची सभा होती. माय आली. न सांगता, एकटी, तीन गाड्या बदलून, कंडक्टरला विचारत विचारत. बरोबर हळदीची पिशवी, आमच्या रानातली. मास्तरांनी उठून तिला खुर्ची दिली. "विहीणबाई, लई उपकार झाले. पण ह्याची करसुटीची पावती देता येत न्हाई बरं का. कायद्यात वस्तूचं दान बसत न्हाई, पैशाचंच बसतं."

"मला पावती कशाला लागती?" माय म्हणाली. मग पदर सारखा करून तिनं विचारलं, "पण तुमच्या ट्रस्टला दिलेलं परत मागता येतं का?"

म्हातारे हसले. "हळद परत पायजे का काय?"

"हळद न्हाई. लोक लेक देतात, मी ल्योक दिला तुमच्या गावाला. तवा दुसरा जवळ व्हता, डोळे व्हते. आता दोनी न्हाईत. थोडे दिवस त्याला उसना द्या म्हणते."

आणि मास्तर, सवयीनं, सगळी नियमावली पाठ असलेला तो माणूस, बोलून गेले, "ट्रस्टला दिलेली वस्तू अशी परत जात न्हाई, विहीणबाई. तसा कायदाच हाय."

सगळे खदखदून हसले. मायही हसली, तोंडाला पदर लावून. मला मात्र त्या क्षणी दोन्ही आळ्यांना काडी लावावी असं वाटलं. लेकाच्या सासरी रात्र काढायची नाही म्हणून माय लगेच परत निघाली, मी तिला जीपमध्ये खिडकीपाशी बसवलं. तिनं चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाली, "लेकरायच्या वरणात हळद घाला. चांगली हाय."

दुपार कलल्यावर म्हातारे आणि मास्तर दोघं मिळून माझ्या अंगणात आले. एका बाजेवर बसले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारे म्हणाले, "जावईबापू, विहीणबाईचं बोलणं लागलं आमाला. हसायला नव्हतं पायजे." वाटलं, सुटलो. मास्तर म्हणाले, "आमी दोघांनी तोड काढली. तुमची बी एकच पोरगी हाय. तिला घरजावई बघा. पोरगं इथं आलं की त्याला अध्यक्ष करू, नियमाला बी धक्का न्हाई. तुमी मोकळे."

बायको दारातूनच कडाडली, "माझ्या पोरीला इचारलं का कुणी?" पोरगी नांदेडला नर्सिंग शिकते. तिला विचारलं असतं तर तिनं दोघांना बाजेसकट उचलून फेकलं असतं.

कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी रस्त्याकडच्या घरात एक पोरगं असेल. त्याचीही माय असेल. तिचे डोळे अजून चांगले असतील. आज मी सुटलो तर आणखी वीस वर्षांनी ती हळदीची पिशवी घेऊन या गोदामात येईल, आणि ही माणसं तिलाही हसतील.

"न्हाई," मी म्हणालो. "मी हाय तवर मीच ऱ्हातो. पण हा जावयाचा नियम काढा. मी मेलो तर काय करताल?"

"काढू की," मास्तर म्हणाले. "वरच्यांनी आधी सही करावी."

"आमी काहून आधी?" म्हातारे म्हणाले, आणि दोघं बाजेच्या दोन बाजूंनी उठले.

दिवेलागणीला मायेला फोन केला. पोचली होती, पाय धुऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलंस लेकरा. दुसऱ्या मायेचं पोर कशाला आणायचं." मग मला वाटलं फोन कटला.

"मंग मी कडी लावून घेते," ती म्हणाली.

शेवटची गाडी यायला अजून अवकाश होता.