वाढदिवसाचं पिस्तूल

श्रूजबरीला मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो ते काका आईच्या लांबच्या नात्यातले. मी नागपूरहून मेटलर्जी शिकायला वुस्टरला आलो तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तेच आले होते. मूळचे पुण्याचे, साठच्या दशकात अमेरिकेत आलेले. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते डिझाइनचं काम करायचे. बोलणं अगदी मृदू. त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही. एखाद्याला रडवायचं असेल तर त्यासाठी त्यांना आवाज चढवावा लागत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा साधारण माझ्याच वयाचा. तो इंजिनीअरिंग अर्धवट सोडून वुस्टरमधल्या एका इटालियन हॉटेलच्या किचनमध्ये नोकरीला लागला होता. मराठी त्याला सगळं समजायचं, पण उत्तरं इंग्रजीतून. घरी पाहुणे आले की काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून द्यायचे, "आणि हे आमचे आचारी." काका हसत सांगायचे, त्यामुळे पाहुणेही हसायचे. मुलगा सगळ्यांना नमस्ते करून कोकचे ग्लास भरायला आत जायचा.

काकांना तेव्हा नवा नाद लागला होता. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्यांना ठासणीच्या बंदुकांच्या क्लबात नेलं होतं. जुन्या काळासारखी नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, आणि चकमकीने बार उडवायचा. क्लबातले लोक अशा बंदुका आणि पिस्तुलं घरी स्वतः जुळवायचे. काकांना ते फार आवडलं. "यात कुठे वायर नाही, बॅटरी नाही," ते मला सांगायचे. "प्रत्येक भाग नीट असेल तरच उडणार. इथे थाप चालत नाही."

हे त्यांच्या मुलानेही ऐकलं होतं. काकांच्या वाढदिवसाला त्याने चकमकीच्या पिस्तुलाचं एक किट पोस्टाने मागवलं. महिनाभर ते त्याने मोटारीच्या डिकीत लपवून ठेवलं होतं. आम्हा दोघांना, म्हणजे काकूंना आणि मला, त्याने आधी दाखवलं. अक्रोडाच्या लाकडाचा अर्धवट कोरलेला दस्ता, नळी, आणि पिशवीत चापाचे, चाप ओढला की आपटणाऱ्या घोड्याचे, स्प्रिंगचे सगळे भाग सुटे. "ही'ल लव्ह इट, राइट?" त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

वाढदिवसाच्या दिवशी काकांनी खोकं उघडलं, सगळे भाग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडले, आणि खिशातून भिंग काढलं. केक कापायचा राहिला होता. काकूंनी दोनदा आठवण करून दिली. काका एकेक भाग उचलून खिडकीकडे धरायचे आणि परत ठेवायचे. मुलगा समोर उभा होता. शेवटी काकांनी भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, "छान. थँक यू. आता केक घेऊया."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. तिथे त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यांनी पिस्तुलाची बाजूची पट्टी, म्हणजे ज्या पट्टीवर घोडा आणि स्प्रिंग बसते ती, मुलाच्या हातात दिली.

"काय दिसतं?"

"इट्स द प्लेट," तो म्हणाला.

"नीट बघ. भोकं."

त्याने पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. काका शांतपणे थांबून राहिले. गॅरेजमध्ये थंडी होती, काकू शाल लपेटून दारात उभ्या होत्या. तो पट्टी उलटसुलट करत राहिला. शेवटी काका माझ्याकडे वळले. "तू सांग."

स्क्रूचं एक भोक तिरपं पाडलेलं होतं, ते मला दिसत होतं. मी तसं सांगितलं.

"बघितलंस?" काका मुलाला म्हणाले. "याला दिसतं. हा आपल्याकडे राहायला येऊन सहा महिने झाले नाहीत."

काकू म्हणाल्या, "अहो, माल खराब असेल तर परत पाठवा की. ते लोक बदलून देतात."

"परत कशाला पाठवायचं? प्रेमाने दिलेली भेट आहे," काका म्हणाले. "मी सगळं दुरुस्त करीन. याला पण शिकायला मिळेल."

"मी फोन करतो त्यांना, बाबा," मुलगा इंग्रजीत म्हणाला. "माझी चूक झाली. ते नवीन पाठवतील."

"नको. मला हेच हवंय."

मग हिवाळाभर ते चाललं. मुलाची रविवारी दुपारी सुट्टी असायची. काका त्याला गॅरेजमध्ये बोलवायचे, आणि मी घरात असलो तर मलाही. दर वेळी एक भाग. मुलाने तो हातात घ्यायचा आणि त्यात काय वाईट आहे ते सांगायचं. सांगता आलं नाही की काका मला विचारायचे. मी एकदा मुद्दाम म्हणालो की मलाही कळत नाही. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "तुला कळतं. याची कीव करू नकोस, त्याने याचं आणखी नुकसान होईल."

भाग खरंच वाईट होते. ओतीव पोलादात सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती. स्प्रिंग इतकी ढिली होती की घोडा पडायचा नाही, टेकायचा. घोडा अर्धा मागे ओढला की अडकून राहावा म्हणून आत एक खाच असते. ती खाच उथळ होती, त्यामुळे अर्ध्यावर धरलेला घोडाही चाप जरा दाबला की सुटायचा. काकांनी भाग तात्पुरते जुळवून मुलाकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. घोडा मागे, चाप, घोडा सुटला. घोडा मागे, चाप, घोडा सुटला.

"यात दारू भरलेली असती आणि तुझी आई समोर असती, तर?" काकांनी विचारलं.

मुलाने पिस्तूल टेबलावर ठेवलं. "ओके, बाबा."

"ओके काय? काय झालं असतं ते सांग."

"बाबा, प्लीज."

"वाक्य पूर्ण कर."

त्याने वाक्य पूर्ण केलं. इंग्रजीतून, जमिनीकडे बघत. काकांनी ते मराठीतून म्हणायला लावलं. शब्द जुळवताना तो अडखळला, क्रियापद चुकलं, आणि काकांनी ते क्रियापद सुधारून पुन्हा म्हणायला सांगितलं. काकू स्वयंपाकघरात होत्या. मधलं दार उघडं होतं. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

नंतर मी बेसमेंटमध्ये जात असताना काकूंनी मला जिन्यात गाठलं. "तू असतोस म्हणून हे चढतात," त्या म्हणाल्या. "प्रेक्षक लागतो यांना." पुढच्या रविवारी मी लॅबमध्ये काम आहे म्हणून सकाळीच बाहेर पडलो. परत आलो तर काकांनी त्या दिवशीचा भाग माझ्यासाठी टेबलावर काढून ठेवला होता, आणि मुलाला परत खाली बोलावलं.

तो भाग म्हणजे जिच्यावर चकमक घासते ती पोलादी पाटी. घोड्याच्या तोंडात चकमकीचा दगड धरलेला असतो. चाप ओढला की दगड या पाटीवर आपटून घासत जातो आणि ठिणग्या खालच्या पेल्यातल्या रंजकेवर, म्हणजे बारीक दारूवर, पडतात. ही पाटी कडक हवी. काकांनी मला कानस दिली. मी पाटीच्या कोपऱ्यावर ती फिरवली. कडक पोलादावर कानस घसरते, इथे ती लोण्यासारखी आत शिरली.

"मऊ आहे," मी म्हणालो. "पाणीच दिलेलं नाही. पण हे सोपं आहे, काका. कार्बनच्या भुकटीत घालून लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं. मी लॅबमधल्या भट्टीत करून आणतो."

मुलाने पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आशेने पाहिलं.

"राहू दे," काका म्हणाले. "ते मी बघतो."

मार्चअखेरपर्यंत पिस्तूल तयार झालं. काकांचं काम सुरेख होतं, त्याबद्दल वाद नाही. तिरपं भोक बुजवून त्यांनी नवीन पाडलं होतं, नवी स्प्रिंग घडवली होती, खाच खोल केली होती. दस्त्याला तेल पाजून पाजून अक्रोडाचा रंग मधासारखा झाला होता. मुलगा ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. "इट्स ब्यूटिफुल, बाबा," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. काका म्हणाले, "पुढच्या शनिवारी क्लबात नेऊ. पहिला बार तुझा. तुझी भेट आहे."

काकूंनी त्या शनिवारी इडल्या करून डबा भरला. मुलाने हॉटेलातून सुट्टी घेतली, स्वच्छ शर्ट घातला. गाडीत तो मला सांगत होता की रेंजवर कधी गेलेला नाही, आणि विचारत होता की कान दुखतात का. मी म्हणालो, इअरप्लग असतात. काका गाडी चालवत होते आणि खूश दिसत होते. मला वाटलं, हिवाळा संपला.

क्लबाचं मैदान जंगलाच्या कडेला होतं. चिखल होता. दहापंधरा माणसं जमली होती, बहुतेक वयस्क, त्यांच्या बायका घडीच्या खुर्च्यांवर थर्मास घेऊन बसलेल्या. काकांनी सगळ्यांना सांगितलं, हे पिस्तूल माझ्या मुलाने मला दिलं, पहिला बार तो उडवणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी स्वतः दारू मोजून घातली, गोळी ठासली, पेल्यात रंजक टाकली, आणि पिस्तूल निशाणाकडे रोखूनच मुलाच्या हातात दिलं.

त्याने चाप ओढला. घोडा खाडकन पडला. काही झालं नाही.

"पुन्हा," काका म्हणाले.

पुन्हा काही झालं नाही. एकही ठिणगी नाही. मी बाजूला उभा होतो, मला पाटी दिसत होती. दगडाने तिच्यावर ओरखडे काढले होते, खोल, चकचकीत, जसे मऊ लोखंडावर निघतात. काकांनी तिला पाणी दिलंच नव्हतं.

"पुन्हा."

कुणीतरी मागून हसलं. एका म्हाताऱ्याने दगड बदलायला सुचवलं. काकांनी दगड बदलला, आणि पिस्तूल परत मुलाच्याच हातात दिलं. तो चाप ओढत राहिला. त्याने पिस्तूल खाली ठेवायचं पाहिलं तर काका म्हणाले, "निशाणाकडेच धर. लोक उभे आहेत." आता बऱ्याच जणांना हसू येत होतं, वाईट मनाने नाही, अशा ठिकाणी हसतात तसं. काकूंनी खुर्चीतून उठून काकांना हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मग त्यांनी पिस्तूल स्वतःकडे घेतलं, पेल्यातली रंजक फुंकून टाकली, आणि जाकिटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली दुसरी पाटी काढली. निळसर, गुळगुळीत. ती त्यांनी घरी बनवून, पाणी देऊन, आधीच ठेवली होती. सगळ्यांसमोर, सावकाश, त्यांनी स्क्रू काढून जुनी पाटी सोडवली आणि नवी बसवली. परत रंजक टाकली. हात लांब करून चाप ओढला. ठिणग्यांचा झोत पडला, धूर झाला, आणि निशाणाच्या कागदाला भोक पडलं.

टाळ्या पडल्या. काकांनी जुनी पाटी तळहातावर घेऊन लोकांना दाखवली आणि इंग्रजीत म्हणाले, "ही माझ्या मुलाने विकत आणलेली. आणि आत आहे ती मी केलेली. इतकाच फरक आहे." लोक हसले. ज्या म्हाताऱ्याने दगड बदलायला सांगितलं होतं तो हसला नाही. तो उठून आपल्या गाडीकडे गेला.

मुलाने कानातले इअरप्लग काढले आणि काकांसमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, आणि नीट म्हणाला. "घरी असतानाच माहीत होतं."

"अर्थात," काका म्हणाले. "आता तुला पण माहीत झालं. आता आयुष्यात कधी विसरणार नाहीस."

परतताना इडल्यांचा डबा काकूंच्या मांडीवर तसाच होता. घरी आल्यावर मुलाने बॅग भरली. काकू त्याच्या खोलीच्या दारात उभ्या राहून त्याला शर्टाच्या घड्या घालून देत होत्या. त्या त्याला थांब म्हणाल्या नाहीत, ते माझ्या लक्षात आलं. काका खाली टीव्ही बघत होते. मुलगा त्यांच्या समोरून गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "कधी येणार परत?" तो दार ओढून घेऊन बाहेर पडला.

मीही सेमिस्टर संपल्यावर तिथून निघालो. निघताना काकांनी माझी ट्रंक उचलायला मदत केली. जिन्यात थांबून ते म्हणाले, "तुला वाटतं मी दुष्टपणा केला."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू मी हवामानाबद्दल काही बोललो होतो. "पलीकडून नीट धर," ते म्हणाले. "भिंतीला लागेल."

पुढे मी ॲन आर्बरला नोकरीला गेलो. काकूंचा अधूनमधून फोन यायचा. एका थंडीत त्यांनी सांगितलं की मुलाचं लग्न झालं, ऑरेगनला. मुलगी तिकडचीच. पत्रिका फक्त काकूंच्या नावाने आली होती, त्यामुळे त्या एकट्याच विमानाने जाऊन आल्या.

"परत आले तर हे एअरपोर्टवर वाट बघत उभे," काकू म्हणाल्या. "गाडीत बसायच्या आधीच विचारलं, माझ्याबद्दल काही विचारलं का त्याने? मी म्हटलं, नाही."

"खरंच नाही विचारलं?"

"विचारलं ना. लग्नाच्या आदल्या दिवशी विचारलं, निघताना परत विचारलं. बाबांची तब्येत कशी आहे, गाडी चालवतात का अजून." त्या म्हणाल्या. "हे रोज विचारतात, आठवून बघ, काहीतरी बोलला असेल. मी म्हणते, नाही बाई, एक शब्द नाही."

"सांगून टाका ना काकू," मी म्हणालो.

"का?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा होता, भाजी चिरताना बोलतात तसा. "अजून खूप दिवस आहेत."

मग त्यांनी काकांना हाक मारून फोन त्यांच्याकडे दिला. काकांनी विचारलं, तिकडे बर्फ पडला का. मी म्हणालो, हो, कालपासून पडतोय.