माहेरची वंशावळ

मगदूमबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरव अंकासाठी काही लिहून द्या, असे मला सांगण्यात आले. मी चौथी शिकलेला, आरोग्य केंद्रातला निवृत्त शिपाई. तीन वेळा लिहिले, तीन वेळा फाडले. डॉक्टर मंडळींच्या लेखांशेजारी हे शोभेल का, या काळजीने जेवण गोड लागत नाही.

बाई आमच्या आटपाडीकडे प्रथम आल्या त्या दुष्काळाच्या साली. काही घरांत मुलग्यांना जखम झाली की रक्त थांबत नाही. हा दोष बहुधा आईकडून येतो. अशी घरे शोधून त्यांची वंशावळ लिहिण्याचे काम सांगलीच्या डॉक्टरांनी बाईंवर सोपवले होते. बाई नर्स. वाट दाखवायला मला दिले.

माण तालुक्यातल्या एका घरी म्हाताऱ्या मालकांनी बापाकडच्या सात पिढ्या धडाधड म्हणून दाखवल्या. बाईंनी शांतपणे ऐकले आणि चुलीपुढच्या त्यांच्या बायकोला विचारले, "मावशी, आता तुमच्या आईचं सांगा."

"आवं बाई, हिच्या माहेरात सांगण्यासारखं काय न्हाई," मालक म्हणाले.

"आन तुमच्यात लय हाय व्हय? सात पिढ्या म्हनला, त्यात एक तरी बाई आली का?" मावशी उसळल्या.

बाई खळखळून हसल्या आणि चुलीजवळच कागद पसरून बसल्या. बाईमाणसाला गोल, गड्याला चौकोन, वारलेल्यावर तिरपी रेघ. दगावलेली मुले लोक मोजत नसत, म्हणून "मुलं किती?" असे न विचारता बाई विचारत, "बाळंतपणाला माहेरी किती वेळा गेलात?" दूर दिलेल्या लेकींचा माग काढत त्या उन्हातान्हात गावोगाव चालत.

त्या मावशींच्या बहिणीचा, गंगूबाईंचा, एक मुलगा दात पडल्यावर रक्त वाहून गेला होता. "गंगूची एक पोर तुमच्या आटपाडीकडं दिलीया," मावशी म्हणाल्या. ती पोर माझी सून; मावशींनी मला कधी पाहिले नव्हते. तिला पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. आमचे घर त्या कागदावर आले तर नातीला कोण करून घेईल, अशी मला भीती वाटली. बाहेर पडल्यावर बाईंनी त्या पोरीची चौकशी केली. मी म्हणालो, "ती वारली." बाईंनी गोलावर रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी नातवाचे कान टोचायचे होते. सकाळी स्टँडवर बाई भेटल्या आणि मी सांगून टाकले. "बाई, ती रेघ खोटी हाय. ती माझी सून. आज नातवाचं कान टोचायचं हाय."

"चला आधी घरी," एवढेच बाई म्हणाल्या.

नातू मामाच्या मांडीवर होता, सोनाराने तार हातात घेतली होती. बाईंनी पोराला उचलून घेतले.

"सवाष्णी जेवायला बसायच्या येळंला हे काय काढलंसा?" आमची मंडळी, नातवाची आजी, कावली.

"जेवू द्या की. मीही बसते पंगतीला. पण टोचायचं नाही."

सांगलीत नातवाचे रक्त तपासले, दोष निघाला. मंडळी सुनेला बोल लावू लागली, तेव्हा बाईंनी मंडळीलाच विचारले, "डोळ्यांचा रंग कुणी मागून घेतं का, काकी?" मला त्या रागावतील म्हणून मी आठवडाभर तोंड चुकवले. शेवटी त्याच म्हणाल्या, "नाना, तुम्ही एका दिवसात सांगितलंत. काही घरं सांगतच नाहीत."

हे छापावे का, म्हणून सुनेला विचारले. "लिवा मामंजी. लपवून काय व्हनार हुतं, ते बघितलंय की," ती म्हणाली.

आज नातू जपून का होईना, शाळेत जातो. नात बारा वर्षांची झाली. पुढे तिला होणाऱ्या मुलग्यांतही हा दोष येऊ शकतो. बाईंनी बजावले आहे, "सोयरिकीच्या वेळी लपवायचं नाही. बैठकीला मी येते, मी समजावून सांगते." आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ते नीट सांगता येणार नाही. म्हणून बाईंना उदंड आयुष्य मागताना माझा स्वार्थही आहे, तो मी झाकत नाही. बाई, गुडघे सांभाळा, वेळेवर जेवत जा. नातीच्या बैठकीला या, आणि पुढे तिच्या बाळंतपणालाही उशाशी तुम्हीच असा.