उंचीचा रकाना

आमच्या अंधेरीच्या इन्स्टिट्यूटमध्ये विमानाच्या खऱ्या सीट होत्या, कुठल्याशा भंगारातून आणलेल्या. जेवणाची ट्रॉली होती, भिंतभर आरसा होता, अंबाडा घालायला शिकवणाऱ्या बाई होत्या. उंची मोजायची पट्टी तेवढी नव्हती. सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, ती नकोच होती. एअर होस्टेस व्हायला आलेली मुलगी जो आकडा सांगेल तो मी फॉर्मवरच्या उंचीच्या रकान्यात लिहायचा आणि पुढे सरकायचं. "ॲडमिशन आपलं काम, सिलेक्शन कंपनीचं," असं सर म्हणायचे. मी तिथे काउन्सेलर होते. काउन्सेलर म्हणजे गोड बोलून फॉर्म भरून घेणारी. नाव उगाच मोठं.

भांडुपचे एक टेलरकाका मुलीला घेऊन आले तेव्हा महिना संपायला दोन दिवस होते आणि माझं टार्गेट पुरं झालं नव्हतं. मुलगी नुकती बारावी झालेली, चुणचुणीत. मी उंचीच्या रकान्याशी आले तसे काका म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? मी टेलर आहे. माझी टेप साठ इंचांची. ती संपते तिथेच हिचं डोकं संपतं. पाच फूट, त्यावर दोराभर नाही. चालेल ना?"

इतका सरळ प्रश्न मला त्या खुर्चीत कुणी विचारला नव्हता. पाच फूट एक इंचाखालच्या मुलीला आम्ही सांगायचो त्यातली एकही कंपनी घेत नाही, हे मला पाठ होतं. नाही म्हणायला अर्धा श्वास लागला असता. मी म्हणाले, "अहो काका, कापडी टेप ती, वापरून वापरून ताणली जाते. आम्ही रोज मुली बघतो, नजरेनेच कळतं. पाच एक आहे ती." आणि तसं लिहून टाकलं.

"बघा, मी सांगत होते ना पप्पा!" मुलगी म्हणाली. काकाही हसले, पण जरा ओशाळून. ज्या माणसाने जन्मभर लोकांची मापं घेतली त्याला मी त्याच्या पोरीसमोर खोटं पाडलं होतं, आणि संध्याकाळी सरांनी माझं कौतुक केलं तेव्हा मला बरंही वाटलं. हे लिहिताना स्वतःचा राग येतो, पण बरं वाटलं होतं हे खरं आहे.

तिच्याइतकी मेहनती मुलगी त्या बॅचमध्ये दुसरी नव्हती. ती इंग्रजीतून अनाउन्समेंट म्हणायला लागली की आमचा क्लार्कसुद्धा कमरेचा पट्टा चाचपायचा. रोज माझ्या टेबलाशी थांबून ती "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायची आणि मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचे. वर्षभर माझ्या हातात होतं. कुठल्याही सकाळी सांगता आलं असतं.

कोर्स संपला आणि ती विमानतळाजवळच्या एका हॉटेलात इंटरव्ह्यूला गेली. आत शिरतानाच भिंतीवर रेघ होती. सँडल काढून तिच्याखाली उभं राहायचं. दोन मिनिटांत तिला बाहेर काढलं. एक शब्द इंग्रजी बोलायची वेळ आली नाही. दुसऱ्या कंपनीत तेच, तिसऱ्या कंपनीत तेच.

त्यानंतर एका बुधवारी काका एकटेच आले. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं भांडायला आले. ते समोर बसले आणि खिशातून कोरी करकरीत टेप काढली.

"जुनी फेकून दिली मॅडम. तुम्ही म्हणालात तेव्हाच. पण ही नवीनसुद्धा साठच दाखवते. पोरगी म्हणते, मॅडमना कळतं, तुम्हाला कळत नाही. रोज सकाळी मैदानात जाऊन बारला लोंबकळते, उंची वाढायची पावडर खाते. खांदा सुजलाय तिचा. माझं माप घेताना कुठे चुकतंय, ते जरा दाखवाल का?"

मी म्हणाले, "काका, तुमचं माप बरोबर आहे. मी खोटं लिहिलं."

ते टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "हे तिला तुम्ही येऊन सांगा. माझं ती ऐकत नाही आता."

दुसऱ्या दिवशी मी उंचीची पट्टी विकत आणून केबिनच्या दाराला चिकटवली. आधी चपला काढून उभं राहायचं, मग फॉर्म. शनिवारपर्यंत चार मुली परत गेल्या. एक तर दारातच रडली. मी तिला पाणी दिलं आणि दुसरं काहीतरी शोध म्हणून पाठवलं. सर तणतणत आले. "माझ्या धंद्याची वाट लावतेस का गं?" त्यांनी पट्टी ओरबाडून काढली. मी म्हणाले, पट्टी नसेल तर मी फॉर्म भरणार नाही. ते म्हणाले, मग नको भरूस. त्या संध्याकाळी माझी नोकरी गेली.

रविवारी भांडुपला टेकडीवरच्या त्यांच्या खोलीत गेले. काकांनी मशीन थांबवलं. काकूंनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, ते मला फार लागलं. मी मुलीला सगळं सांगितलं. टार्गेट होतं, माहीत असून लिहिलं, पप्पा बरोबर होते, तू कितीही लोंबकळलीस तरी आता उंची वाढणार नाही. ती रडेल, मला घालवून देईल, अशी मी तयारी करून आले होते.

ती खालमानेने ऐकत होती. एका हाताने दुसरा खांदा चोळत होती. मग तिने वर बघितलं आणि अगदी पहिल्या दिवशीच्याच आवाजात विचारलं, "मग मॅडम, आता दुसरा कुठला कोर्स करू?"

"सांगा ना, मॅडम," काकू म्हणाल्या. "तुम्हाला यातलं कळतं."

तिघंही माझ्याकडे बघत होते. ते चिडले असते तर मला उठून जाता आलं असतं.