सूर्याकडं तोंड करून

शिरूरच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी एकदा जुन्या काळच्या बिथिनियन लोकांचं सांगितलं. थ्रेसमधून चिंचोळा समुद्र ओलांडून आलेले, काळ्या समुद्राच्या काठी राज्य थाटून बसलेले. त्यांच्या शेवटच्या राजानं मरताना अख्खं राज्य रोमला देऊन टाकलं म्हणे. मला काही पटेना. फुकट कोण कुणाला देतंय? मेलेल्याचा अंगठा उठवला असणार. माझा स्वभावच तसा, ताकसुद्धा फुंकून पिणारा. एक गोष्ट मात्र आवडली. त्यांच्यात न्याय करणारे सूर्याकडं तोंड करून बसायचे, वरून देवानं बघावं म्हणून.

त्याच उन्हाळ्यात दौंडकडच्या आमच्या रानात हद्दीच्या दगडावरून भांडण लागलं. दगड आहे तिथं धरला तर विहीर आमची, अलीकडं सरकला तर चुलत्यांची. चुलते म्हणाले, दगड हलवलाय. माझे वडील, आबा, म्हणाले, मुळीच न्हाई. विहीर गेली की आमचं सगळं रान कोरडं.

भांडण गावच्या पंचांपुढं गेलं. पंच चुलत्यांच्या ओट्यावर चहा पिताना दिसले आन् माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळे विकले गेलेत, मला खात्रीच झाली. बैठकीच्या सकाळी पंच लिंबाच्या सावलीत बसायला निघाले, तसा मी आडवा आलो. बिथिनियाचं सगळं सांगून म्हणालो, "उन्हात बसा. सूर्याकडं तोंड करून."

"तुझ्या त्या मुलखात दौंडचं ऊन नसंल बाबा," म्हातारे पंच हसले. पण बसले. म्हणाले, "मग भांडणारे दोघंबी बसतील."

चुलते आन् आबा शेजारी बसले. चुलत्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्यावरच नजर रोखून होतो. कधी चुळबुळ करतायत, हीच वाट.

पंचांनी विचारलं, "दगड हलवला का?"

चुलते म्हणाले, "म्या न्हाई."

मग आबांना विचारलं. तेव्हा कुठं मी त्यांच्याकडं बघितलं. टॉवेल कपाळावरून डोळ्यांपर्यंत ओढला होता.

"टॉवेल काढा," पंच म्हणाले.

आबांनी काढला. सूर्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"हलवला," ते म्हणाले. "विहिरीपायी."

विहीर गेली. घरी दारात पायताण काढताना आबा एवढंच म्हणाले, "त्या तुझ्या लोकांत बापाला उन्हात पोरगंच बसवायचं व्हय रं?"

मला फार लाज वाटली. सरांनी ते सांगितलं नव्हतं.