पहिल्या देशी पाळकांची कबर

आमच्या चर्चच्या भिंतीवर सुरुवातीच्या गोऱ्या पाद्रींच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्या मी दर शनिवारी पुसतो. मी नगरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. नागपुरात ओळखदेख नसताना पाळकसाहेबांनी मला राखणीचं काम दिलं, मागची खोली दिली. ती टिकावी म्हणून पहिल्या वर्षी मी जरा जास्तच राबलो.

ईस्टरच्या आधी कबरी धुऊन चुना लावायची आमच्यात रीत आहे. ज्यांच्या घरचं कुणी येत नाही, त्या कबरी माझ्याकडे. त्या पहिल्या वर्षी तिसऱ्या ओळीत एक आडवा दगड होता, झिजलेला, खडबडीत. त्यावर मराठी अक्षरं होती. मला वाचता येतं. मी वाचली नाहीत. कुंपणाच्या कामातलं उरलेलं सिमेंट थापून दगड शेजारच्या कबरींसारखा गुळगुळीत केला, वर चुना दिला. साहेबांनी पाठ थोपटली.

गेल्या वर्षी चर्चच्या इतिहासाची पुस्तिका निघायची होती. लिहिणाऱ्या बाई मंडळीतल्याच, निवृत्त शिक्षिका. गोऱ्यांची माहिती पाट्यांवरून झाली. पहिल्या देशी पाळकांचं मात्र नावच मिळेना. जुन्या नोंदवहीत नावाची जागा वाळवीने खाल्लेली. पुढे एवढंच होतं : तिसरी ओळ, आडवा दगड.

बाईंनी मला गाठलं. "तुले तं साऱ्या कबरी पाठ. असा दगड दिसला का गा कधी?"

"नाही बाई."

"नीट आठव. दोन रविवार झाले, मी उन्हात शोधून राहिली. तू तिकडे चुना लावते की झोपा काढते?"

मी हसलो. खोली गेली तर बायकोपोरांना घेऊन कुठे जाणार, एवढंच डोक्यात होतं.

पण मग चैन पडेना. चार दिवसांनी भर दुपारी छिन्नी घेऊन गेलो. सिमेंटबरोबर दगडाचे पापुद्रेही सुटत गेले. 'पाळक' तेवढं राहिलं. वरची नावाची ओळ माझ्या हातात भुगा होऊन आली.

मी तसाच बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या कबरीपाशी आल्या, त्या जागेवरून बोटं फिरवत राहिल्या.

"काहून नाही सांगतलं तवाच?"

"खोली जाईल म्हणून."

"खोली कोण घेऊन राहिलं तुयी?"

साहेबही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी बाईंना म्हटलं, हे माझ्या हातून झालं असं पुस्तिकेत लिहा.

"त्यायचं नाव गेलं," त्या म्हणाल्या, "अन् तुयं छापू का आता?"

वर्धापनदिनाला साहेबांनी पुस्तिका वाचून दाखवली. 'कबरीवरील अक्षरे काळाच्या ओघात नाहीशी झाली आहेत.' मंडळीने माना हलवल्या. मी शेवटच्या बाकाशी उभा होतो. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.