विसार घेतलेली मेंढी

सांगलीत दुकानदारानं घोंगडं उलगडलं, तसा लोकरीचा उग्र वास आला आणि मला जतमधलं लहानपण आठवलं.

मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या मेंढीचा आबांनी विसार घेतला होता.

“आबा, विसार म्हंजी काय?”

“ठरल्या किमतीतलं थोडं पैसं आधी घ्यायचं. ते घेतलं की जनावर त्येंचं. बाजारापत्तुर आपून नुसतं राखायचं.”

बाजाराला आठ दिवस होते. ती आता दुसऱ्याची, म्हणून मी तिला हात लावायचं सोडलं. ती मात्र रोज येऊन माझ्या तळव्याला ओलं नाक लावायला बघायची. मी हात पाठीमागं न्यायचे.

“ताई, हात लावून तर बघा,” दुकानदार म्हणाला.

माझे दोन्ही हात पाठीमागं होते.