अडवलेली

त्या सकाळी दलदलीवर एवढं धुकं होतं की म्हशी दिसेनात, नुसती त्यांची फुरफुर ऐकू यायची. वबरियानं धारा काढल्या, दूध परातीत ओतून मंद जाळावर सायीला ठेवलं आणि अंगणातला तंदूर पेटवला.

आमच्याकडं पोरीवर पहिला हक्क चुलतभावाचा. त्यानं 'ही माझी' म्हणून अडवली, की दुसरा कुणी तिला मागायला धजत नाही. धजला तर बंदुका निघतात. वबरिया विशीत होती तेव्हा अमारा शहरातला एक शाळामास्तर तिला मागायला आला, आणि तिच्या चुलतभावानं, चासिबनं, तिला अडवली. मग स्वतः बसऱ्याची बायको करून आणली. पोरं झाली, मिशा पिकल्या, पण वबरियाला सोडायचं काही त्याला सुचलं नाही.

आज तो चार म्हातारे घेऊन आला. हजला निघाला होता. निघण्याआधी ज्याचं वाईट केलं त्याच्याकडून माफी घ्यावी लागते. वबरियाच्या भावानं, मुतशरनं, कॉफी दिली. चासिबनं पेला तसाच खाली ठेवला. मागणं पुरं झाल्याशिवाय पाहुणा पीत नाही.

"वबरिया, आजपासून तू मोकळी. माफ केलं म्हण."

भाकरी थापत ती म्हणाली, "मोकळी? आता मला मागायला कोण येतंय रे, मौतीचा फरिश्ता?"

दाराशी जमलेल्या घरच्या बायका तोंडाला ओढणी लावून हसल्या.

"करते माफ. पण तुझ्या पोरानं आमच्या सुहामला अडवलीय. तिच्या मनातलं स्थळ आलंय. तिला सोडायला लाव."

"तो पोराचा हक्क. त्यात मी कसा पडू?"

"मग माफी हा माझा हक्क."

कॉफी निवत चालली. शेवटी मुतशर खाकरला. सुहाम त्याचीच पोर.

"बायकांचं काय मनावर घेता, चासिबभाऊ! घरातला कर्ता मी. माफ केलं. घ्या, कॉफी घ्या."

पेले तोंडाला लागले. म्हातारे 'मुबारक, मुबारक' करू लागले. दाराआडून सुहाम आत्याकडं बघत होती.

"मी केलेलं नाही," वबरिया मोठ्यानं म्हणाली. "वर विचारलं तर तिथंही हेच सांगेन."

चासिबनं आणखी एक पेला मागितला.

करपल्याचा वास आला. तिनं तंदुरात हात घालून काळी पडलेली भाकरी ओढली, म्हशीपुढं टाकली आणि पुढचा गोळा थापायला घेतला.